नित्याचें सुख

आमच्या एका स्नेह्यांनीं परवां आम्हांस मोठ्या थट्टेनें एक प्रश्न केला. आम्ही गेलीं सतरा वर्षें पहांटे धांवावयास जातों, हें त्यांस ठाऊक आहे. किंबहुना आमच्या या व्यसनाची निंदा करण्याचा अधिकार त्यांनीं दीर्घ परिचयानें मिळविलेला आहे. ते म्हणाले, "पहिल्या दिवशीं मौज वाटली असेल, तें मी समजूं शकतों. दहाव्या दिवशींहि वाटली असेल. पण पांच हजाराव्या दिवशीं तीच वाट, तीच वेळ आणि तेच पाय! त्यांत सुख कसलें उरलें आहे? आतां तुम्ही धांवतच नाहीं. तुमची संवय पुढें धांवते आणि तुम्ही तिच्या मागून फरफटत जातां."

आम्हींहि थट्टेचेंच उत्तर दिलें आणि चहाचे पेले रिकामे झाले. परंतु प्रश्न कांहीं मनांतून गेला नाहीं. जी गोष्ट रोज करावी तिच्यांत सुख राहूं शकतें काय, कीं रोज केल्यानेंच तें झिजून जातें, हा प्रश्न केवळ धांवण्याचा नव्हे. अध्यापन, गवयाचा रियाज, देवपूजा, संसार, फार काय मैत्रीहि, या सर्वांना तो लागू आहे. शिवाय त्या प्रश्नाच्या पाठीमागें आणखी एक प्रश्न उभा होता. तो स्नेह्यांनीं विचारला नाहीं, कारण तो आमच्या घरांतला आहे. त्याचें उत्तर आम्ही कित्येक वर्षें टाळीत आलों आहों. आज टाळूं नये असें वाटतें. परंतु अगोदर वाचकांस आमच्या पहांटेची ओळख करून दिली पाहिजे.

आम्ही पुण्यांत प्रभात रोडच्या एका गल्लींत राहतों. साडेपांच वाजतां गजर होतो. त्या क्षणीं आमच्या ठिकाणीं धांवण्याची इच्छा मुळींच नसते, हें प्रामाणिकपणें सांगून टाकतों. 'आतां धांवावयास मिळणार' म्हणून आनंदानें उडी मारून उठलों, असा एकहि दिवस सतरा वर्षांत आम्हांस आठवत नाहीं. आम्ही उठतों तें नियमामुळें. जावें कीं न जावें हा खटला रोज नव्यानें चालवावा लागला असता तर तो आम्ही रोज हरलों असतों. कारण पांथरुणाचा वकील फार हुषार असतो. नियमाचा पहिला उपकार हाच कीं, तो हा खटला दाखलच करून घेत नाहीं. बुटाच्या नाड्या बांधतांना आम्ही अर्धे झोपेंत असतों, आणि पुरते जागे होतों तों गल्लीच्या कोपऱ्यावरचें वळण मागें पडलेलें असतें.

पहिलीं दहा मिनिटें वाईट जातात. गुडघे कुरकुरतात, श्वास एकीकडे तर पावलें दुसरीकडे, आणि मन परत फिरण्यास सबब शोधीत असतें. नवशिक्यांस वाटतें कीं, संवयीनें हीं दहा मिनिटें सुसह्य होत असतील. तसें कांहीं होत नाहीं. बदल झाला तो इतकाच कीं, तीं दहाच मिनिटें असतात हें आतां आम्हांस ठाऊक आहे. मग लॉ कॉलेज रस्ता ओलांडून टेकडीच्या बाजूस वळलों म्हणजे केव्हां तरी, अमुकच ठिकाणीं असें सांगतां येत नाहीं, श्वास आणि पाऊल यांची जुळणी होते. तीन पावलांस आंत, तीन पावलांस बाहेर. तबलजीनें बराच वेळ ठोकठोक करून तबला सुरांत आणावा आणि मग गवयानें पहिला षड्ज लावावा, तसें कांहींसें होतें. जें शरीर आपण दिवसभर ओझ्यासारखें वाहत असतों, तेंच आपणांस वाहून नेऊं लागतें. हें सुख मोठें नव्हे. पुत्रजन्माच्या किंवा परीक्षेंतील यशाच्या सुखाशीं त्याची तुलना करूं लागल्यास हंसेंच होईल. पण तें रोज येतें. आणि रोज येणाऱ्या सुखाविषयीं आपल्या वाङ्मयांत फारसें कोणीं लिहिलें नाहीं, अशी आमची एक जुनी तक्रार आहे.

याहून सूक्ष्म असें आणखी एक सुख आहे, आणि तें तर रोजच्या येण्याजाण्यावांचून मिळतच नाहीं. टेकडीवर जो एकदां सहलीस गेला त्यानें झाडें पाहिलीं. आम्हीं झाडांचें वर्ष पाहिलें आहे. जानेवारीच्या अखेरीस कांटेसांवर सारीं पानें टाकून एखाद्या विरक्तासारखी उभी असते, आणि एके दिवशीं तिच्या अगदीं वरच्या फांदीवर तांबडें फूल दिसतें. तिच्या मागोमाग पांगारा. मग उंदीरमारीचा फिकट गुलाबी फुलोरा. वनखात्यानें पुण्याच्या टेकड्यांवर लावलेल्या या परदेशी झाडाविषयीं वनस्पतिज्ञांचें मत चांगलें नाहीं, व तें योग्यहि असेल. पण उजाडण्याच्या वेळीं त्या निष्पर्ण फांद्यांवरचा रंग पाहतांना आम्हांस तें मत आठवत नाहीं. एप्रिल-मे महिन्यांत बहावा पिवळाधमक होतो. पहिला पाऊस पडल्यावर आठ-दहा दिवसांत टेकडी हिरवी दिसूं लागते आणि काळ्या खडकांवर शेवाळ धरूं लागल्यामुळें पाय जपून टाकावा लागतो. दयाळ पक्षी थंडीभर जवळजवळ मुका असतो. उन्हाळा लागतांच तो अंधारांतच शीळ घालूं लागतो, आणि ती पहिली शीळ ऐकूं आली तो दिवस आम्ही घरच्या दिनदर्शिकेवर मांडून ठेवतों. त्या नोंदीचा आम्हांशिवाय कोणाला उपयोग नाहीं.

एक गोष्ट तर आम्हांस डोळ्यांनीं नव्हे, पायांनीं शिकविली. सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेस येतो, हें आम्ही शाळेंत शिकलों होतों, आणि त्यानंतर पहांट लवकर उजाडूं लागत असेल अशी आमची समजूत होती. परंतु दर वर्षीं अनुभव उलटा येई. नाताळ गेला, नवें वर्ष लागलें, तरी टेकडीच्या पायथ्याशीं अंधार कालच्यापेक्षां अधिकच. तिसऱ्या कीं चौथ्या वर्षीं हा भास नव्हे असें वाटूं लागलें, म्हणून पंचांग उघडलें. पाहतों तों पुण्यास सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यास, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास, सात वाजून कांहीं मिनिटांनीं होतो. आणि सर्वांत लवकरचा जूनच्या आरंभीं, सहाच्या किंचित् आधीं, म्हणजे सर्वांत मोठ्या दिवसाच्या दोन-अडीच आठवडे अगोदरच. पृथ्वीचा आंस कललेला आहे आणि तिची कक्षा पुरती वर्तुळाकार नाहीं; त्यामुळें घड्याळाच्या मानानें खरें मध्यान्ह कांहीं दिवसांत रोज थोडथोडें पुढें सरकत जातें, असें त्याचें कारण. ज्योतिषाच्या कोणत्याहि प्राथमिक पुस्तकांत तें सांपडेल. पण आम्हांस तें पुस्तकापूर्वीं ठाऊक झालें, आणि त्या दिवशीं आम्हांस जो आनंद झाला तो लहान मुलाचा होता.

आमच्या स्नेह्यांनीं आतां विचार करावा कीं, वाट रोज निराळी असती, वेळ रोज निराळी असती, तर हें कळलें असतें काय? एका बाजूस कांहीं तरी स्थिर धरल्यावांचून दुसऱ्या बाजूचा बदल मोजतां येत नाहीं. संवयीनें पायांचें काम पायांकडे सोंपवून दिलें, म्हणून डोळे मोकळे झाले.

तथापि थोरांचा पाठिंबा त्यांना नाहीं असें नव्हे. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें आपल्या नीतिविषयक ग्रंथांत, १७९७ सालीं, असें प्रतिपादिलें आहे कीं, सद्गुण ही निव्वळ संवय होऊन बसली तर तिच्यांतील स्वातंत्र्य जातें, आणि स्वातंत्र्य गेलें म्हणजे तिला सद्गुण म्हणण्याचेंहि कारण उरत नाहीं. विचार गंभीर आहे. मौज अशी कीं, हाच कांट कनिग्झबर्ग शहरांत रोज दुपारीं ठरल्या वेळीं फिरावयास निघे आणि त्याला पाहून शेजारीपाजारी आपलीं घड्याळें लावीत, अशी आख्यायिका आहे. रूसोचा 'एमील' हा ग्रंथ हातीं पडला तेव्हां मात्र त्याची फेरी चुकली, अशी दुसरी आख्यायिका आहे. त्या खऱ्या कीं खोट्या या वादांत आम्ही पडत नाहीं. आम्हांस इतकेंच विचारावेंसें वाटतें कीं, संवयीवर इतका अविश्वास दाखविणारी ती बुद्धि एवढी मोकळी राहिली कशाच्या जोरावर?

ॲरिस्टॉटलचें मत याच्या उलट आहे. गुण हे संवयीनेंच अंगीं येतात, आणि ते पुरते अंगीं मुरले कीं नाहीं याची खूण म्हणजे तें कर्म करतांना होणारा आनंद, असें तो म्हणतो. आपल्याकडे गीतेच्या अठराव्या अध्यायांत सुखाचे तीन भेद सांगितले आहेत. त्यांतील सात्त्विक सुखाचें लक्षण असें कीं, मन त्यांत अभ्यासानें रमतें, आणि आरंभीं विषासारखें वाटणारें तें शेवटीं अमृतासारखें होतें. आमचें विष दहा मिनिटांचें. एवढ्यावरून आमच्या सुखास सात्त्विक म्हणवून घेण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. पण निद्रा आणि आळस यांपासून होणाऱ्या सुखास तेथें तामस म्हटलें आहे, तेव्हां साडेपांच वाजतांच्या पांथरुणाची जागा तरी निश्चित झाली.

येथें कोणी म्हणेल कीं, एवढें तत्त्वज्ञान कशास? धांवण्यानें प्रकृति चांगली राहते, म्हणून धांवतां, झालें. आपल्याकडे व्यायामाची परंपरा थोर आहे, परंतु ती नेहमीं कशासाठीं तरी आहे. समर्थ संप्रदायांतील मारुतीची उपासना घ्या, गांवोगांवच्या तालमी घ्या, औंधच्या पंतप्रतिनिधींनीं केलेला सूर्यनमस्कारांचा प्रसार घ्या; लोकमान्यांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष शरीर कमावण्यांत घालविलें तेंहि पुढील कार्याच्या तयारीसाठीं. शरीर हें साधन, ही आपली शिकवण. आम्हीहि आरंभीं वैद्यकीय सल्ल्यानेंच धांवूं लागलों. एकेचाळिसाव्या वर्षीं रक्तांतील साखर वाढलेली निघाली हें त्याचें कारण. पण औषध म्हणून घेतलेली वस्तु पुढें पक्वान्न म्हणून खावीशी वाटावी, असें कांहींसें झालें, आणि आतां साखरेची तपासणी वर्षांतून एकदां करतों तीहि आठवण करून दिल्यावर.

साधनाची बुद्धि सुखाला कशी मारक होते याचा अनुभव आम्हांस एका घड्याळानें दिला. हें घड्याळ मनगटावर बांधलें म्हणजे पावलें मोजतें, नाडी मोजतें, आणि कालच्यापेक्षां आज मंद धांवलांत असें न विचारतां सांगतें. वर्षभर आम्हीं तें वापरलें. एके दिवशीं लक्षांत आलें कीं, पांगाऱ्याखालून जातांना आम्ही मनगटाकडे पाहत होतों. तें आम्हीं भाच्यास देऊन टाकलें. त्याला त्यापासून लाभ झाला आहे, तेव्हां दोष घड्याळाचा नव्हे. आमच्यांतील हिशेबनिसाचा असावा.

शास्त्रज्ञांनींहि या सुखाचा पाठपुरावा केला आहे. पूर्वीं धांवण्याच्या आनंदाचें श्रेय मेंदूंतील एंडॉर्फिन नांवाच्या द्रव्यांस देत. अलीकडे दुसऱ्याच एका द्रव्याकडे बोट दाखविण्यांत येतें. तें द्रव्य १९९२ सालीं जेरुसलेम येथील संशोधकांनीं शोधून काढलें आणि आपल्या 'आनंद' या संस्कृत शब्दावरून त्याला 'आनंदामाइड' असें नांव दिलें. कांहीं वेळ धांवल्यानंतर रक्तांत त्याचें प्रमाण वाढलेलें आढळतें. परक्या देशांतील प्रयोगशाळेंत आपल्या उपनिषदांचा शब्द बाटलीवर चिकटलेला पाहून आम्हांस गंमत वाटली व थोडा अभिमानहि वाटला. परंतु २०२० सालच्या टाळेबंदींत घराबाहेर पडण्यास बंदी झाली, तेव्हां आम्ही गच्चीवर फेऱ्या घातल्या. पाय तेच होते, श्वास तोच होता, घामहि तितकाच आला, आणि रक्तांत तें द्रव्यहि बहुधा वाढलें असेल. सुख मात्र आलें नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत समोरच्या इमारतीच्या पन्हाळीवर साळुंकीच्या जोडीनें घरटें बांधलें. तेव्हांपासून गच्चीवर जावेंसें वाटूं लागलें. यावरून शास्त्रज्ञ चुकले असें आम्ही म्हणत नाहीं. आनंदाला रक्त लागतें तशी साळुंकीहि लागते, एवढेंच.

आतां जें सांगावयाचें आहे त्याकडे वळण्यापूर्वीं एक शंभर वर्षांपूर्वींची गोष्ट आठवते, कारण ती आमच्या वाटेजवळच घडली. १९१९ सालीं डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांस सर दोराबजी टाटा हजर होते. लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरलेले बरेचसे लोक शेतकरी होते आणि ते अनवाणी धांवत होते. तरीहि त्यांच्या वेळा पाहून टाटांस आश्चर्य वाटलें. त्यांतून पुढच्या वर्षीं अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस सहा जणांचा चमू गेला. त्यांतील बेळगांवकडचे फडेप्पा चौगुले यांनीं ४२.७५ किलोमीटरची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पुरी केली व ते एकोणिसावे आले. आम्हांस या गोष्टींत नेहमीं एक प्रश्न पडतो. वेळ नोंदली गेली, क्रमांक नोंदला गेला. त्या अनवाणी माणसांस धांवतांना सुख होत होतें काय, हें कोणीं विचारून ठेविलें आहे असें दिसत नाहीं. पूर्वीं डाकेचा हरकारा घुंगरांची काठी घेऊन रानांतून धांवत जाई. त्याचें धांवणें ही त्याची पोटाची नोकरी होती. सुखासाठीं धांवणें हें ज्याच्याजवळ एक मोकळा तास आहे अशाचेंच काम.

हें आमच्या ध्यानांत आणून दिलें तें आमच्या रस्त्यावर झाडलोट करणाऱ्या बाईंनीं. आम्ही घरांतून निघतों तेव्हां त्यांचा निम्मा रस्ता झाडून झालेला असतो. बरीच वर्षें नुसती ओळखीची मान हलविणें चाले. एके दिवशीं खराट्यावर हात ठेवून त्यांनीं विचारलें, "काका, रोज कोण मागं लागतंय तुमच्या?" आम्ही हंसलों, त्याहि हंसल्या. पण उत्तर त्यांना देतां आलें नाहीं, आणि पुढें टेकडीच्या चढावर तें आमचें आम्हांसहि देतां आलें नाहीं.

आतां घरांतला प्रश्न. २०१६ सालच्या एप्रिल महिन्यांत आमच्या मातोश्रींस अर्धांगवायूचा झटका आला. उजवें अंग गेलें, वाचा अर्धवट राहिली. बुद्धि मात्र शाबूत होती. दहा महिने त्या अंथरुणास खिळून होत्या. आठ वाजतां एक परिचारिका येई. परंतु अशा रोग्याचें खरें काम तिच्या आधींचें असतें. कुशीवर वळविणें, अंग पुसणें, चादर बदलणें, चमच्यानें चहा पाजणें. आमची पत्नी स्वतः नोकरी करते, तरी सहा ते आठ हें सगळें तीच करी. आम्ही त्या वेळीं टेकडीवर असूं.

आम्ही धांवणें बंद केलें नाहीं, हें आज लिहितांना हात अडखळतो. त्या वेळीं अडखळत नव्हता. एका तासाचा तर प्रश्न, असें आम्ही म्हणत असूं. बाहेरून ताजेतवाने होऊन आलों म्हणजे दिवसभर सेवाहि अधिक उल्हासानें होते, असेंहि म्हणत असूं, आणि तें खोटें नव्हतें. पांथरुणाच्या त्या हुषार वकिलानें आतां धांवण्याचें वकीलपत्र घेतलें होतें, इतकेंच. शिवाय आमच्याजवळ एक मोठी सबब होती. आम्ही परत आलों कीं मातोश्री विचारीत, "आज काय?" शब्द जड येत, पण हे दोन स्पष्ट येत. मग आम्ही सांगूं: आज खाणीच्या बाजूस टिटव्या ओरडत होत्या, आज पहिल्यांदांच गवतावर दंव दिसलें, आज मोराचें पीस सांपडलें. त्या डोळे मिटून ऐकत. आम्हांस वाटे, आम्ही त्यांच्यासाठींच टेकडीवर जातों.

पावसाळ्याच्या अखेरीची गोष्ट. आम्ही असेंच कांहीं सांगत होतों आणि पत्नी शेजारीं पाण्यांत कपडा पिळीत होती. ती रागावली नव्हती. आवाज नेहमींचाच होता. ती म्हणाली, "आईंना तुम्ही रोज टेकडी आणून देतां. मलाहि कांहीं तरी द्या ना. टेकडी नको, नुसता तास द्या."

आमच्याजवळ उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं आम्ही घरीं राहिलों. मातोश्रींस कुशीवर वळवितांना आमचे हात चुकले आणि त्यांस दुखलें. चहा मानेवर सांडला. दहा वर्षें जे पाय चढावर शिकलेले होते त्यांचा येथें कांहीं उपयोग नव्हता. सर्व आटोपल्यावर त्यांनीं संवयीनें विचारलें, "आज काय?" आम्हांस सांगण्यासारखें कांहींच नव्हतें. थोडा वेळ गेला. मग त्यांनींच डाव्या हातानें खिडकीकडे बोट केलें आणि तुटक शब्दांत सांगितलें कीं, समोरच्या नारळावर कावळ्याचीं दोन पिलें आतां मोठीं झालीं आहेत, रोज सातच्या सुमारास येतात. तीं पिलें त्या जून महिन्यापासून पाहत होत्या.

पुढें त्यांच्या अखेरीपर्यंत, म्हणजे २०१७ च्या फेब्रुवारीपर्यंत, आम्ही एकाआड एक दिवस धांवलों. या बाबतींत आम्हीं पुष्कळ विचार केला आहे. आई आजारी असतां आम्ही सुखी झालों, हा आमचा दोष होता असें आम्हांस वाटत नाहीं. आम्ही दुःखी राहिल्यानें त्यांचें अंग हललें नसतें. दोष निराळा होता. नियम आमचा, निश्चय आमचा, सुख आमचें, असें आम्ही धरून चाललों होतों, आणि तो नियम कोणाच्या नियमावर उभा आहे हें पाहिलेंच नव्हतें. दहा वर्षें आम्ही दार लोटून बाहेर पडत होतों तेव्हां स्वयंपाकघरांत दिवा लागलेला असे. तो दिवा आम्हांस पहांटेच्या देखाव्याचाच भाग वाटे. कांटच्या चरित्रांत असें सांगतात कीं, त्याला रोज पहांटे पांच वाजतां जागें करण्याचें काम लांपे नांवाच्या नोकराकडे होतें, व तें त्यानें सुमारें चाळीस वर्षें केलें. गांवचीं घड्याळें कांटवरून लागत असतील. कांटचें घड्याळ लांपे लावी. लांपेला फिरावयास जावयाचें होतें काय, हें आम्हीं कोठें वाचलेलें नाहीं.

मातोश्री गेल्यानंतर आमचें धांवणें पुन्हा रोजचें झालें. पण पत्नीनें मागितलेला तास तिनें परत केला नाहीं, व आम्हींहि मागितला नाहीं. सात वाजतां आम्ही घरीं येतों. सात ते आठ हा वेळ तिचा. ती चहाचा पेला घेऊन सज्जांत बसते, आणि डबे, भाजी, पाणी हें आमच्याकडे असतें. भाजी चिरण्यांतहि पहिलीं दहा मिनिटें वाईट जातात. त्या तासांत ती काय करते हें आम्हांस ठाऊक नाहीं. कधीं हातांत पुस्तक असतें, कधीं नसतें. एकदां विचारण्याचें मनांत आलें होतें. पण मनगटावरच्या त्या घड्याळाची आठवण झाली आणि विचारलें नाहीं.

स्नेह्यांचा प्रश्न ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही परत आलों तेव्हां नुकतें उजाडलें होतें. जानेवारी संपत आला आहे. आम्ही पालेभाजी निवडावयास घेतली. सज्जांतून, मान न वळवितां, पत्नीनें विचारलें,

"पांगारा फुलला का हो?"

"नाहीं अजून," आम्हीं म्हटलें. "कळ्या आहेत. चार-सहा दिवस लागतील."